डॉक्टरांचा शनिवारचा आजार

आमचे डॉक्टर दर शनिवारी दुपारी आजारी पडत. सकाळचे पेशंट संपले, की ते पांढरा कोट खुंटीला लावत, टॉवेल पदरासारखा डोक्यावरून घेत आणि बाहेरच्या खोलीतल्या बाकड्यावर अंग चोरून बसत. मग आम्ही तिघांनी त्यांना बरं करायचं. आजार दर वेळी एकच असे, आणि आजारी माणूस म्हणजे नव्यानं लग्न झालेली सून असे. पदर घेतलेल्या बाईला मिशा असल्या की सुरुवातीला बोलणं जड जातं. पुढं सवय होते.

ही गोष्ट डोणगावची. विदर्भ नुकताच महाराष्ट्रात आला होता, आणि त्याच्या पाठोपाठ डॉक्टर खेडकर पुण्याहून आमच्याकडं आले होते. मी कंपाउंडर, इंगळेबाई नर्स आणि रामभाऊ शिपाई, एवढाच आमचा दवाखाना.

त्या आजाराचं नाव सीलिॲक. पोटाला गहू चालत नाही. पोळी पोटात गेली की आतडं बिघडतं, हगवण लागते, माणूस वाळत जातो. औषध काही नाही, गहू जन्मभर बंद. रामभाऊला ते नाव 'शिलाई' असं ऐकू आलं आणि गावभर त्यानं तेच सांगितलं. गावातला शिंपी दोनदा येऊन, दवाखान्यात माणूस पायजे का, असं विचारून गेला.

असा पेशंट आम्हाला ठाऊक असलेला एकच होता, जानेफळची वत्सला. एका पेशंटसाठी तीन माणसांचं ट्रेनिंग जरा जास्त होतं, असं मी डॉक्टरांना एकदा म्हणालो.

"कमी पडतंय," ते म्हणाले. "दवाखान्याला स्वयंपाकी असता तर त्यालाही बसवलं असतं."

वत्सलाचं माहेर सोनाळ्याचं. घरात ज्वारी, त्यामुळं लग्न होईतो तिला काही झालं नाही. सासर खाऊनपिऊन सुखी, रोज गव्हाची पोळी, आणि त्या पोळीचा घराला अभिमान. लग्नानंतर ती खंगत गेली. माहेरी धाडली की महिन्यात गाल वर येत, सासरी आली की पुन्हा खाली. सासू गंगूबाई यांनी यावरून काढायचा तो अर्थ काढला, की पोरगी नाटकं करते. डॉक्टरांनी वेगळा अर्थ काढला आणि नागपूरला पाठवून त्याची खात्री करून घेतली.

"आता पोळी बंद, भाकरी खायची," त्यांनी वत्सलाला सांगितलं. ती रडायला लागली. इंगळेबाई मनानं चांगल्या, पण तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मंग रडतं काऊन? भाकर खाय अन् गुमान राह्य."

वत्सला गेली ती कितीतरी दिवस फिरकली नाही. आली तेव्हा नुसता सापळा. पथ्य मोडून ती पोळी खात होती. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी ती म्हणाली, "माह्या भाकरीचं ताट मांगच्या दारी लावतेत. रोग लागंन म्हंतेत. पोळी खाल्ली का समद्याइत बसू देतेत."

त्या शनिवारपासून डॉक्टर आजारी पडायला लागले.

त्यांना वऱ्हाडी येत नव्हती, आणि पुणेरी बोलणारी सून जानेफळला कुठून येणार? ते पदर सावरून म्हणायचे, "बाई, मला भूक लागली आहे."

दारातून रामभाऊ म्हणायचा, "साहेब, 'मले'."

"मले भूक लागली आहे."

"'आहे' नका म्हनू. नुस्तं 'लागली'."

डॉक्टर मान हलवून पुन्हा म्हणत. रामभाऊसमोर ते अगदी विद्यार्थ्यासारखे बसत.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." त्यांनी ताबडतोब टॉवेल काढला. "गेला पेशंट."

"कुठं गेला?"

"घरी. पोळी खायला."

त्यांचं म्हणणं असं, की विचारायचं आणि गप्प बसायचं. धीर देण्याची घाई करायची नाही. इंगळेबाईंना गप्प बसणं जमेना, म्हणून त्या तोंडात पदराचा बोळा धरत. रामभाऊ गप्प बसता बसता झोपी गेला. डॉक्टरांनी त्याला पास केलं. "निदान मध्ये बोलला तरी नाही," ते म्हणाले.

एका शनिवारी इंगळेबाई सासू झाल्या होत्या आणि डॉक्टर नेहमीप्रमाणे सून. तेवढ्यात खऱ्या गंगूबाई वत्सलाला घेऊन दारात आल्या. पोरगी लग्नाआधीपासून आजारी होती असं डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि तिला कायमची सोनाळ्याला पोचवायची, असं घरात ठरलं होतं. हे आम्हाला पुढं वत्सलानं सांगितलं. रामभाऊनं त्यांना पाहिलं, पण भाषा सुधारण्यापलीकडं मध्ये बोलायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं.

"आत्याबाई," डॉक्टर हुंदका देऊन म्हणाले, "माझं ताट तिकडं नका लावू. मले काई लागट रोग नाई. फक्त गहू चालत नाई."

"चाल, मांगच्या दारी बस!" इंगळेबाई कडाडल्या.

"तिथं घास उतरत नाई हो. म्हनून मी पोळी खातो. नाही, खाते..."

"'खातो'च बराबर हाय, साहेब," रामभाऊ म्हणाला. "आमच्या बायाबी तसंच म्हंतेत."

"खातो. पोळी खाल्ली का तुमच्यात बसाले भेटते. मंग पोट दुखलं तरी चालते मले."

"बसू दे नं वं तिले!" दारातून गंगूबाई ओरडल्या. "कोनाची सासू होय हे? मानूस हाय का कसाई?"

डॉक्टरांच्या डोक्यावर टॉवेल तसाच होता. आणि वत्सला, जिचा आवाज आम्ही नीट कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "आत्याबाई, ते मीच होय."

बाकड्यावर डॉक्टरांच्या शेजारी जागा होती, तिथं गंगूबाई जाऊन बसल्या. डॉक्टरांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं गंगूबाईंनीच विचारलं, "लागत नाई म्हंता हा रोग?"

"नाही लागत."

"लेकराइलेबी नाई?"

"कोणालाच नाही."

"मंग मले आधी कोनं सांगतलं नाई काऊन?"

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला बोलावून, बसवून सांगायला हवं होतं. चुकलं आमचं." आणि तेव्हा कुठं त्यांनी टॉवेल काढला.

लिहून घ्यायचा विषय निघालाच नाही. वत्सला हळूहळू भरली, आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. गंगूबाईंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. बेत भाकरी, झुणका आणि ठेच्याचा, आणि घरातले सगळे तेच जेवायला बसलेले. इंगळेबाईंना गावच्या पंगतीत नेहमी वेगळं बसवत; त्या सवयीनं थोड्या बाजूला बसायला गेल्या, तर गंगूबाईंनी हाताला धरून त्यांना वत्सलाशेजारी बसवलं. डॉक्टर फार हळू जेवले.

परतताना बैलगाडीत इंगळेबाईंनी विचारलं, "साहेब, सुनेचं दुःख तुमाले एवढं कसं जमते हो?"

डॉक्टर बैलांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या पत्नीला क्षय होता. तिचं ताट, वाटी, भांडं मीच वेगळं काढलं. ते बरोबरच होतं, आजही तेच करीन. पण जेवायला मी आत जायचो, घरच्यांबरोबर. तिच्या खोलीच्या दारात पाट टाकून जेवलो असतो तर काही बिघडलं नसतं. सुचलंच नाही. तीही कधी म्हणाली नाही. गेली बिचारी."

गाडी नाल्यात उतरून वर चढली.

इंगळेबाईंचं घर आलं तेव्हा त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "उद्या आमच्या घरी जेवाले या. समदेच या."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर पोचलो. डॉक्टर केव्हाचेच आले होते. चूल अजून पेटायची होती, आणि ते ओट्यावर इंगळेबाईंच्या म्हाताऱ्या आईसमोर मांडी घालून अंबाडीची भाजी निवडत बसले होते. देठं टोपल्यात ठेवत होते आणि पानं टाकून देत होते. म्हातारी काही न बोलता टाकलेली पानं पुन्हा गोळा करत होती.