खिडकीची अर्धी सीट

रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं म्हणून पेढे वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या बुऱ्हाणपूरच्या गल्लीतले गोविंदकाका चौधरी मात्र तिकीट आरएसीत अडकलं म्हणून मावा जलेबी वाटतात. तीही गरम. आणि तेच तिकीट पुढे कन्फर्म झालं, तर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत. दाढी वाढलेली, अंगात नुसती बनियन, ओट्यावर बसून समोरच्या खांबाकडे बघत असतात. काय झालं म्हणून विचारावं, तर कपाळावर हात मारून म्हणतात, "काय सांगू बा, कन्फर्म झालं." ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टरनं रिपोर्ट दिला.

ज्यांनी कधी आरएसीत प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आरएसी म्हणजे अर्धी सीट. डब्याच्या बाजूच्या खिडकीची खालची बर्थ दोघांत एक मिळते. दोन टोकांना दोघं समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघे लागतात आणि झोपायचं कुणालाच जमत नाही. सगळं जग तिथून सुटायला धडपडतं. काका तिथे पोहोचायला धडपडतात. "कन्फर्म म्हंजे ताटातूट," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मागे गल्लीतल्या एका पोराचं लग्न झालं, जोडपं फिरायला निघालं. काका त्यांच्या घरी गेले आणि नव्या नवरीसमोर म्हणाले, "एक वर, एक खाली, असलं तिकीट कहाले काढलं? आरएसी काढा. आयुष्यभर याद राहीन." पोरगं तेव्हापासून काकांना बघून गल्ली बदलतं.

काका वीज खात्यात मीटर वाचायचे. निवृत्त झाले तरी कुणाच्या घरी शिरले की पहिली नजर मीटरकडे जाते. चष्मा जाड, आवाज त्याहून जाड. आणि नातेवाईक किती, तर गणती नाही. म्हणजे मुळात नसतील इतके. काकांनी ते जमवले आहेत. जबलपूर, सतना, कटनी, इटारसी इथे कुणाची मुंज असो, बारसं असो, काकांना आमंत्रण असतं. नसलं तर ते फोन करून मिळवतात. "आम्हाले विसरले का बा?" असं विचारल्यावर समोरचा बिचारा काय बोलणार? मी एकदा म्हणालो, "काका, तुमचे सगळे पाहुणे एकाच रेल्वे लाइनीवर कसे?" ते म्हणाले, "देवाची कृपा."

देवाची कृपा नव्हती. काकू नाशिकला होत्या.

शकुंतलाकाकू मुलाकडे राहतात. मुलाला जुळं झालं, सून नोकरीवाली, तेव्हा काकू चार महिन्यांसाठी म्हणून गेल्या. जुळी आता पहिलीत जातात. काका जाऊ शकत नाहीत, कारण घरात थोरले भाऊ, दादा, अंथरुणाला खिळलेले. या भावानं काकांना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. त्यांची आंघोळ, घास भरवणं, कूस बदलणं, सगळं काका करतात आणि मीटरबद्दल बोलतात त्याच आवाजात भावाशी गप्पा मारतात. धाकटी बहीण इच्छापुरला असते. ती अधूनमधून चार दिवस येऊन बसते, तेवढेच दिवस काका मोकळे.

"मग त्या चार दिवसांत सरळ नाशिकला का जात नाही?" हा प्रश्न मीही विचारला होता. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "गेलतो ना बा. लई चांगले आहेत पोरं. पण तिथं ती आजी असते. याले डबा, त्याले दूध. रात्री नातवंडांजवळ झोपते, मी हॉलमधी टीव्हीखाली. नाशकात तिले बसाले टाइम नसतो. गाडीत तिले उठाले काम नसते."

म्हणून ते पाहुणे. काकू नाशिकरोडला चढतात, काका बुऱ्हाणपूरला, आणि कुणाच्या तरी मुंजीच्या नावाखाली दोघं पुढे जातात.

पहिल्या खेपेला मुलानं मोठ्या हौसेनं मोबाइलवर तिकिटं काढली. आईचं नाशिकरोडहून, बाबांचं बुऱ्हाणपूरहून. दोघांना कन्फर्म, दोघांना खालची बर्थ. काकू निघाल्या एका टोकाच्या डब्यात आणि काका दुसऱ्या टोकाच्या. मधले डबे माणसांनी आणि बोचक्यांनी ठासून भरलेले. इटारसीला गाडी थांबली तेव्हा काका फलाटावरून धावत गेले, दोघांनी एकेक कप चहा घेतला आणि शिट्टी झाली. येताना तेच. काका परत आले तेव्हा मी विचारलं, प्रवास कसा झाला? म्हणाले, "दोघंबी एकाच गाडीत होतो म्हणतात."

त्या दिवसापासून काकांनी रेल्वेचं शास्त्र हाती घेतलं. निष्कर्ष असा निघाला की वेगवेगळ्या स्टेशनांवरून चढणाऱ्यांनी वेगवेगळी तिकिटं काढली की जागा कुठेही फेकल्या जातात. म्हणून दोघांचं तिकीट एकच काढायचं आणि ते नाशिकरोडपासून काढायचं. बुऱ्हाणपूरच्या खिडकीवरचा बाबू दर वेळी सांगतो, "चाचा, आप तो यहाँ से चढ़ोगे, नाशिक से टिकट क्यों?" काका म्हणतात, "सीट नाशिक से आती है, बाबूजी."

आता सीट नाशिकहून रिकामी येणार, तर तिला राखायला कुणीतरी हवं. ते काम काकूंचं. तपासनीस आला की त्या म्हणतात, "माणूस येतोय." मनमाडला, जळगावला, भुसावळला, कुणीही त्या अर्ध्या सीटला टेकायला आला की तेच, "माणूस येतोय." एक तपासनीस म्हणाला होता, "अम्मा, ये आए नहीं तो पूरी बर्थ आपकी. आराम से सो जाइए." काकू म्हणाल्या, "झोपायचं असतं तर घरी नसते का झोपले?"

पण सगळ्यात अवघड भाग जोडीचा. काकांच्या शास्त्राप्रमाणे आरएसीचे आकडे जोडीनं एका सीटवर बसतात. एक-दोन एका सीटवर, तीन-चार दुसऱ्या. रेल्वे असं मानते की नाही, मला ठाऊक नाही. काका मानतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते सकाळीच मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"संजू, आरएसी बारा दाखवू राह्यलं. मतलब आमची बारा-तेरा. जोडी फुटली बा."

"मग?"

"मधी कोणी एकानं बारा घेतलं, तर आमची तेरा-चौदा." आणि काका माझ्याकडे बघत राहिले.

मी शाळामास्तर. चारचौघांत मान आहे. पण काकांनी मला कडेवर खेळवलंय, त्यांच्यापुढे मी संजूच. जबलपूरला मला काळं कुत्रंही ओळखत नाही. तरी नाशिकरोड ते जबलपूर, चढणार बुऱ्हाणपूरला, असं तिकीट काढलं. मला आरएसी बारा मिळालं, लगेच मागून काकांना तेरा-चौदा. काका जलेबी आणायला निघाले. मी म्हणालो, "आता माझं रद्द करतो." काका दारातून परत फिरले.

"येडा का खुळा? तू रद्द करशीन तर आम्ही एक घर वर सरकू. पुन्हा बारा-तेरा!"

"आणि पुढच्या कुणी रद्द केलं तर?"

"ते देवीच्या हाती. मी इच्छापुरले नारळ बोलून ठेवलं. पण आपल्या हातानं कहाले बिघडवायचं? तू चाल ना बा. साखरपुडा आहे. जेवण चांगलं राहीन."

मी बायकोकडे बघितलं, वाटलं ही तरी वाचवेल. ती म्हणाली, "जा की. घरात राहून तरी काय दिवे लावणार आहात?"

अशा रीतीनं आकडा बारा म्हणून मी जबलपूरच्या साखरपुड्याला निघालो. नवरी मुलगी काकांच्या मावसभावाच्या मेहुण्याची पुतणी. इच्छादेवी पावली होती. माझं, काकांचं, काकूंचं, तिघांचंही आरएसीतच राहिलं आणि काका-काकूंना सीट एकच लागली. फलाटावर काका नवी टोपी घालून उभे. हातात डबा. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, सगळं स्वतः केलेलं. सकाळपासून गाडी मनमाडला, जळगावला, भुसावळला आली की त्यांनी काकूंना फोन करून विचारलं होतं, "सीट आहे ना?"

सीट होती. दुपारच्या उन्हात गाडी लागली, आम्ही चढलो, आणि मी काकूंना बघितलं. खिडकीशी, स्वतःच्या अर्ध्या भागात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. समोरची अर्धी सीट पुसून स्वच्छ केलेली आणि तिच्यावर काकूंचा रुमाल. नाशिकरोडपासून त्यांनी पाय त्या बाजूला जाऊ दिला नव्हता. काकांना बघून त्यांनी रुमाल उचलला आणि म्हणाल्या, "दाढी नीट नाही केली." झालं, एवढंच स्वागत.

माझी सीट त्यांच्याच डब्यात, दोन कप्पे पलीकडे, एका वजनदार व्यापाऱ्याबरोबर. आरएसीत सीटचे भाग सारखे असतात, माणसांचे नसतात. मी बहुतेक वेळ उभाच होतो, त्यामुळे मला सगळं दिसलं.

ते दोघं काही विशेष बोलत नव्हते. भाकरी खाल्ली. काकू म्हणाल्या ठेचा खारट झालाय, आणि तो सगळा संपवला. दादांची पाठ बरी आहे का, धाकट्या नातवाचा दात पडला, असलंच चाललं होतं. काकूंचं तोंड गाडी जाते त्या दिशेला, काकांची त्या दिशेला पाठ. त्यामुळे जे काही यायचं ते काकूंना आधी दिसे. "चांदनी आलं बघा," त्या म्हणायच्या. मग स्टेशन मागे सरकत जायचं आणि काका म्हणायचे, "हो, आलतं." शेतं, पूल, केळीनं भरलेला ट्रक, सगळं त्यांनी तसंच बघितलं. मी लग्नाला बारा वर्षं झालेला माणूस, पण मला त्या दोघांचा हेवा वाटला.

खंडवा सोडल्यावर तपासनीस आला. भला माणूस होता. काकूंना गुडघे चोळताना त्यानं बघितलं असावं. "चाचाजी, बगल के डिब्बे में एक बर्थ खाली हुई है. आप वहाँ चले जाइए, अम्माजी यहाँ पैर फैला लेंगी."

एरवी काकांनी त्याला हात जोडून पिटाळलं असतं. तसे त्यांनी हात जोडलेही. मग काकूंच्या गुडघ्यांकडे त्यांची नजर गेली. सुजले होते. मोठ्या आवाजाचा हा माणूस हळूच उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "जातो मी. तू पसर पाय. सकाळपासून आखडून बसली."

"बसा," काकू म्हणाल्या.

"अगं, तुहे गुडघे..."

"बसा म्हटलं ना गुमान. गुडघे तिकडेही दुखतात. रोजच दुखतात. गुडघ्यांसाठी नाही आले मी इथवर."

काका बसले. काकूंनी पाय लांब केले ते थेट काकांच्या मांडीवर. भरल्या डब्यात, चार लोकांसमोर. काकांनी एकदा इकडेतिकडे बघितलं आणि त्यांच्यावर शाल टाकली. मग तपासनिसाला म्हणाले, "वो बर्थ हमारे संजू को दे दो. बारा नंबर है."

मी शेजारच्या डब्यात गेलो. संबंध बर्थ एकट्याला. हातपाय ताणून पडलो, पण चैन पडेना.

साखरपुडा चांगला झाला. जेवण काका म्हणाले तसंच होतं. परतीचं तिकीट सोपं असतं. चढताना दोघं एकाच स्टेशनवर असतात. उतरतात वेगवेगळ्या ठिकाणी, पण उतरण्याशी रेल्वेला काही देणंघेणं नसतं. पुन्हा तीच बाजूची सीट, पुन्हा ती शाल. नेपानगर गेलं तसे काका डबा आवरायला लागले, आणि काकूंनी पाय आपणहून काढून घेतले.

बुऱ्हाणपूरला आम्ही दोघं उतरलो. काका खिडकीपाशी गेले. "आता पसर पाय. पुरी सीट तुही. नाशिकपर्यंत कोणी येत नही."

"दादांना आज डोक्यावरून आंघोळ घाला," काकू म्हणाल्या. "आणि दाढी करा."

गाडी हलली तशी काकांनी पाठ फिरवली आणि जिन्याकडे चालायला लागले. जाणारी गाडी ते बघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी बघत राहिलो. काकूंनी समोरच्या अर्ध्या सीटवर हात फिरवला, रुमाल काढून तिच्यावर पसरला आणि गुडघे पोटाशी घेऊन आपल्या अर्ध्यात नीट बसल्या.

जिन्याशी मी काकांना गाठलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"पसरले का रे तिनं पाय?"

"पसरले," मी म्हणालो.

काका दोन पायऱ्या चढले, थांबले. "पसरले ना? बरं झालं. लई दुखतात तिले." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला. त्यांना खरंच बरं वाटलं की वाईट, मला काही कळलं नाही. वर पुलावर पोहोचल्यावर मात्र आवाज पुन्हा जाड झाला होता.

"संजू, सतन्याले एक मुंज आहे बा. तू मोकळा आहेस ना?"

"मोकळाच आहे," मी म्हणालो.