ओघवतीच्या तीन थोरल्या गिऱ्हाइकांवरील मोहीम

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, भीमातीरीं दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांचे मुलुखांत जें वर्तमान घडलें, तें कोणीं पुसिलें नसतांही सेवकानें आपखुशीनें लिहून ठेविलें. यांत तोफ उडाली नाहीं आणि घोडा दौडला नाहीं. एक स्कूटी दौडली, तीही वाटेंत दोनदां बंद पडली. परंतु मसलत थोर, म्हणोन लिहिणें प्राप्त जाहालें.

राहू गांवचे शिवारांत नवलाई उपसा जलसिंचन संस्था म्हणून एक दौलत. नदीचें पाणी पंपानें उचलावें आणि नळांतून तीनशें बारा व्हॉल्व्हांवर पाळीपाळीनें सोडावें, हा तिचा कारभार. कोणाची पाळी कोणते वारीं आणि किती तास, याचें दफ्तर कागदावर नव्हतें. तें म्हस्कूआबा पाटकरी यांचे मस्तकांत होतें. आबांनीं अडतीस वर्षें व्हॉल्व्ह उघडले आणि मिटले, मग गुडघ्यांनीं बंड केलें, आणि आबांनीं अध्यक्ष राजश्री सोपानराव आप्पा यांचे हुजूर येऊन अर्ज केला कीं, पौषापासून आपणांस मोकळें करावें. आबा गेले तर पाळ्या कोणास ठाऊक? गहू, कांदा, फुलें, अवघें रान तहानेलें राहील. दौलतीवर बिकट प्रसंग गुदरला.

तेसमयीं पुण्याहून ओघवती सॉफ्टवेअर नामें कंपनीचा विक्रीचा वकील विनोद हा लॅपटॉप घेऊन डेरेदाखल जाहाला. त्यानें पंपघराचे भिंतीवर रंगीत नकाशा पाडिला, मोबाईलवर बोट ठेवून व्हॉल्व्ह उघडितां येतो हें दाखविलें, आणि निवेदन केलें कीं राज्यांतील थोरथोर संस्था आमची प्रणाली वापरितात. पंचमंडळी खूष जाहाली. आप्पांचा हात सहीस शिवशिवूं लागला.

इतक्यांत मागील सतरंजीवरून मातुश्री कुशाबाई कोळपे उठल्या. यांचा कूळवृत्तांत ऐसा कीं, यांचे सासरे मेंढरें घेऊन कोकणापर्यंत हिंडत, मग येथें स्थिर जाहाले, आणि वांट्यास जमीन आली ती नळाचे अगदीं टेलास, म्हणजे शेवटचे टोंकास. पाण्याचें पहिलें सुख वरच्यांस आणि शेवटची चूळ यांस. मागील सालीं शेवटची पाळी दोनदां आलीच नाहीं आणि कुशाबाईंची शेवंती कळीवरच वाळली. म्हणोन पाण्याचे गोष्टीस त्या बहुत हुशार.

"थोर संस्था म्हंजी कोण? नावं सांगा की," त्या म्हणाल्या.

"मावशी, ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"पाणी वाटायचं हाय न्हवं? का चोरायचं?"

सभा हंसली. परंतु आप्पांचा हात थबकला, आणि त्यांणीं हुकूम फर्माविला कीं, येत्या रविवारीं निकाल होईल. तोंवर जो कोणी ओघवतीचीं तीन थोरलीं गिऱ्हाइकें कोण हें हुडकील, त्यानें तें सभेंत मांडावें. शर्त इतकीच कीं, कंपनीचे माणसास फितवूं नये, खोटें नांव सांगून फोन करूं नये, आणि जें जगास उघड आहे तितकेंच आणावें. विनोद वकिलानें स्मितहास्य केलें. गांवांतून काय हुडकणार, ऐसा त्याचा होरा.

परंतु कुशाबाईंची कन्या स्वप्नाली सणसवाडीस एका कारखान्याचे खरेदी खात्यांत चाकरीस आहे, हें त्यास ठाऊक नव्हतें. कोणी माल विकावयास आला म्हणजे तो खरा कीं बाता मारणारा, हें पारखणें हीच तिची नित्याची रोजी. मातुश्रींनीं फोनवर सर्व हकीकत सांगितली आणि शेवटीं म्हणाल्या, "पोरी, येंदा तरी शेवंती घरी आली पायजे." स्वप्नालीनें "व्हय आई, बघते" इतकेंच उत्तर दिलें. फोन ठेविलियावर मात्र मागील सालची वाळली रोपें तिचे डोळ्यांपुढें आलीं. तीं उपटावयास ती स्वतां गेली होती.

सोमवारीं जेवणाचे सुटींत मोहिमेस आरंभ जाहाला. प्रथम हल्ला कंपनीचे संकेतस्थळावर. तेथें "पाचशेहून अधिक समाधानी ग्राहक" ऐसा बुरूज, नकाशावर ठिपक्यांची तटबंदी, आणि परदेशी लोक हस्तांदोलन करितात ऐशीं चित्रें. नांव एकही नाहीं. अर्धा तास सरला, डबा तैसाच राहिला, आणि स्वारी रिकाम्या पोटीं मागें फिरली.

मंगळवारीं तिणें वाट पालटिली. खरेदीचे कामांत ती एक गोष्ट शिकली होती कीं, दुकानदार जें पाटीवर लिहीत नाहीं तें तो नोकर शोधितां लिहून बसतो. म्हणोन तिणें ओघवतीच्या नोकरीच्या जाहिराती काढिल्या. एकींत लिहिलें होतें कीं, यंत्रज्ञ पाहिजे, शिरूर तालुक्यांत भीमेकाठीं मुक्कामाची तयारी असावी. मग तिणें कंपनीचे फेसबुकवरील फोटो चाळिले, आणि एका पंपघराचे उद्घाटनांत, हार घातलेल्या पाहुण्याचे फेट्याआडून पाटीचीं अक्षरें डोकावत होतीं तीं वाचिलीं: "रमाळ उपसा जल". तिची खोलीतली आणि कारखान्यांतली सोबतीण सोनम, मूळची शिरूरकडचीच, ती शेजारीं भाकरी मोडीत होती. तिणें वांकून पाहिलें आणि म्हणाली, "अगं, बोरमाळ हाय ते! माझी आत्या दिलीय तिथं." मग बोरमाळच्या संस्थेचा वार्षिक अहवाल त्यांचेच पानावर सांपडला, आणि त्यांत स्पष्ट नमूद कीं, सातशें व्हॉल्व्हांवर ओघवतीची प्रणाली चालू. एक गिऱ्हाईक कबज्यांत आलें. दोघींनीं भाकरीचा शेवटचा तुकडा अर्धा अर्धा करून विजय साजरा केला.

बुधवारीं जुन्या वृत्तपत्री बातम्या धुंडाळितां दुसरें गिऱ्हाईक हातीं लागलें. सीना नदीकडील एका पाणीवापर महासंघानें दोन वर्षांमागें ओघवतीस काम दिलें होतें. स्वप्नाली खूष होणार, इतक्यांत तिणें त्याच महासंघाची नवी निविदा पाहिली. तेंच काम, तेच नळ, आणि दुसरी कंपनी पाहिजे. म्हणजे हें गिऱ्हाईक केव्हांच छावणी मोडून निघून गेलें. तिणें वहींत लिहिलें आणि पुढें प्रश्नचिन्ह काढिलें.

तिसऱ्याचा मात्र थांग लागेना. गुरुवार गेला. शुक्रवारीं तिला वाटलें कीं आतां हार मानावी. मग सहज तिणें महासंघाचें पान पुन्हां उघडिलें. त्यांणीं निविदा उघडल्याचें इतिवृत्त सर्व कागदांसह जगास पाहावयास ठेविलें होतें. यंदा ओघवतीनेंही पुन्हां अर्ज केला होता, आणि नियमाप्रमाणें आपलीं तीन थोरलीं गिऱ्हाइकें लिहून दिलीं होतीं. तिसरें खुद्द महासंघ. दुसरें बोरमाळ. आणि पहिलें, सर्वांत थोरलें:

नवलाई उपसा जलसिंचन संस्था, राहू, तालुका दौंड. नऊशें व्हॉल्व्ह. दोन वर्षांपासून पूर्ण समाधानी.

स्वप्नालीचा घांस हातांत राहिला. तिणें ओळ तीनदां वाचिली. मग ती ऐशी हंसली कीं कँटीनमधील बिहारी कामगारांनीं माना वळविल्या.

"आत्ता टाक गावच्या ग्रुपवर," सोनम म्हणाली.

स्वप्नालीनें मोबाईल उचलिला आणि परत ठेविला. एका निरोपानें वकिलाचा धुव्वा उडेल, हें खरें. परंतु पौष उजाडला म्हणजे आबा जातील, आणि वकिलाचे फजितीनें शेवंतीस पाणी मिळत नाहीं. खरें वापरणारें गिऱ्हाईक एकच उरलें. त्याचे मुखें ऐकल्यावांचून मोहीम पुरी होत नाहीं, ऐसा तिणें मनांत निश्चय केला.

शनिवारीं सकाळीं स्कूटीनें सणसवाडीहून कूच जाहालें. तळेगाव ढमढेरे मागें टाकिलें, न्हावऱ्याचे अलीकडे गाडी दोनदां रुसली, आणि दोहों वेळां ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची कुमक मिळाली. दोन प्रहरीं स्वारी बोरमाळास पोहोंचली. पंपघराबाहेरील फलकावर पाण्याच्या पाळ्या छापून लाविल्या होत्या, कोणीही वाचाव्या. आंत सचिव सविताताई बसल्या होत्या. स्वप्नालीनें आपलें खरें नांव, गांव आणि काम सांगितलें. ताईंनीं चहा मागविला आणि म्हणाल्या,

"खरं सांगू? सॉफ्टवेअर चांगलं हाय. इकणारी माणसं लय फुगवून सांगत्यात, तेवढं सोडा."

"टेलला पाणी पोचतं का, ताई?"

सविताताईंनीं कप खालीं ठेविला. "पहिल्या दोन पाळ्यांना न्हाई पोचलं. मशीन वरून मोजत आलं, आन् लाईट गेली की शेवटचा कोरडा. माझंच वावर व्हतं शेवटाला. मग आम्ही भांडून उलटं करून घेतलं, टेलपासून सुरू. तवापासून तक्रार न्हाई. पण तुम्ही आधीच लिहून घ्या."

स्वप्नालीनें ताईंचे परवानगीनें फलकाचा फोटो घेतला. परत येतांना गाडी पुन्हां रुसली नाहीं, कीं रुसली असून तिला कळलें नाहीं, हें सांगवत नाहीं.

रविवारीं दरबार भरला. विनोद वकील कोरा करार घेऊन पहिल्या रांगेंत. स्वप्नाली उभी राहिली. कारखान्यांत ती साहेबांपुढें बोलत असे, परंतु येथें तिला लहानपणीं नागडी हिंडतांना पाहिलेलीं माणसें बसलीं होतीं. तिणें तिसरें नांव सांगितलें आणि तें सोडून गेल्याचा कागद दाखविला. दुसरें सांगितलें.

"आन् पहिलं?" आप्पांनीं पुसिलें.

"आपण."

"आपण म्हंजी?"

"आपणच, आप्पा. नऊशे व्हॉल्व्ह हायेत आपले. दोन वर्षं झाली वापरतोय, आन् लय समाधानी हाय."

तेव्हां म्हस्कूआबा मागून म्हणाले, "आरं, मला कसं न्हाई कळालं? सहाशे व्हॉल्व्ह कुणी उघडलं?" आणि हास्याचा ऐसा लोंढा आला कीं सतरंजी हालली. विनोद लाल जाहाला. तो उठला आणि हळूच म्हणाला, "कागद ऑफिसनं भरला. पण मी वाचला होता. चुकलं माझं."

कित्येकांनीं गलका केला कीं वकिलास वेशीबाहेर काढावें. आप्पाही त्याच मताचे. तेव्हां स्वप्नालीनें बोरमाळचें वर्तमान सांगितलें, फलकाचा फोटो हातोंहात फिरविला, आणि म्हणाली कीं, ग्राहकांची यादी खोटी असली तरी यंत्र खरें आहे, आणि पाळ्या सांगणारा दुसरा माणूस आपणांपाशीं नाहीं. सर्वांचे डोळे आबांकडे वळले. आबांनीं मान खालीं घातली. त्यांस यंत्र नको होतें, हें स्वप्नालीस त्यांचे मानेवरून कळलें. मग ते म्हणाले, "मी सांगतो, त्यो लिहू दे. पण शेतावर येऊन. हितं बसून न्हाई."

मग तहनामा जाहाला, त्याचीं कलमें येणेंप्रमाणें ठरलीं. प्रणाली एक हंगाम परीक्षेवर घ्यावी. पाळी टेलापासून सुरू करावी, आणि हें करारांत पहिल्या पानावर लिहावें. महासंघास पाठविलेले यादींतून नवलाईचें नांव खोडून कंपनीनें माफीचें पत्र द्यावें. आणि विनोद वकिलानें आबांसमवेत पायीं फिरून तीनशें बाराही व्हॉल्व्ह नोंदवावे.

त्याप्रमाणें चार दिवस वकील चिखलांत फिरला. आबा एकेक व्हॉल्व्हाशीं थांबत आणि सांगत कीं, हा धुरपदाचा, ती वारून अकरा वर्षं झाली, लेक हळू चालतो, अर्धा तास जादा धर. वकिलानें तें "शेरा" या रकान्यांत लिहिलें. तिसरे दिवशीं त्यानें आबांची काठी आपण होऊन धरिली, ऐसें पाहणारे सांगतात.

पौष शुद्ध पंचमीस सकाळीं आठ वाजतां पहिली पाळी सुटली. टेलाचा व्हॉल्व्ह आपोआप फिरला, आंतून हवा फुसफुसली, आणि मग पाणी आलें. कुशाबाईंनीं फोन लाविला आणि तो तैसाच सरीशीं धरिला. स्वप्नाली खरेदी खात्यांत उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत राहिली, आणि समोर सही घ्यावयास आलेला विक्रेता तिष्ठत राहिला.

येणेंप्रमाणें राजश्री स्वप्नाली कोळपे यांणीं सहा दिवसांत, कोणासही न फसवितां, उघड्या कागदांचे बळावर तीन थोरलीं गिऱ्हाइकें हुडकिलीं. पैकी एक पळालेलें, एक खरें आणि एक आपणच निघालें. संस्थेचे इतिवृत्तांत ठराव क्रमांक सात म्हणोन तिचें नांव लिहिलें गेलें, आणि मोहीम फत्ते जाहाली. लिहिण्यांत कमजास्त असेल तें शोधकांनीं जाहीर कागदांवरून ताडून पाहावें. आणि ज्याची पाण्याची पाळी असेल त्यानें हें वाचीत न बसतां आधीं वावरांत जाऊन दारें धरावीं.