अर्ध्या तिकिटाचे प्रवासी

“बस थांबली नाही” हे कारण विद्यावती मिसना कधीच पटत नसे. बस थांबण्यासाठीच असते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मॉरिशसमधल्या रोझ बेल गावात, शाळेसमोरच राहत, त्यामुळे या मताला कधी धक्का बसला नव्हता. इंद्राणी पुन्हा उशिरा आली, तेव्हा त्यांनी तिला फाटकातूनच घरी पाठवलं.

दुपारी तिची आई जमुना उसाच्या मळ्यातून, गुडघ्यापर्यंतचे बूट न काढताच शाळेत आली.

“मिस, पोरगी उशिरा उठत नाय. बस थांबत नाय. पोरांचं अर्धं तिकीट, म्हणून युनिफॉर्म दिसला की डायवर गाडी पळवतो. सरकारनं शाळा फुकट केली, पण शाळा हाय हितं आन्‌ आमी तिकडं.”

“नीट हात दाखवला तर थांबेल.”

“मग उद्या तुमीच या हात दाखवायला.”

मिस हट्टी होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच उलट्या दिशेची बस पकडून त्या जमुनाच्या गावात उतरल्या आणि थांब्यावर मुलींच्या मधोमध उभ्या राहिल्या. बस आली. मिसनी सभ्यपणे हात वर केला. बसचा वेग वाढला. मागच्या दारातून कंडक्टर हरिलाल ओरडला, “दुसरी येतेय मागनं!”

मागे फक्त ऊस होता.

“त्यानं मला पाहिलं,” मिस म्हणाल्या.

“पाहिलं की,” जमुना म्हणाली. “पोरी पण पाहिल्या.”

शेवटी एका ऊसवाल्या लॉरीनं सगळ्यांना घेतलं. केसांत पाचट अडकलेल्या मिस शाळेत शिरल्या, तेव्हा घंटा होऊन बराच वेळ झाला होता. हेडमास्तर सत्यनारायण दारातच भेटले.

“बस थांबली नाही,” मिस म्हणाल्या.

हेडमास्तर नुसतेच हसले. त्या हसण्यानं मिसना रात्रभर झोप आली नाही.

सकाळी त्या पुन्हा थांब्यावर हजर झाल्या. या वेळी त्यांनी सगळ्या मुलींना उसात लपायला लावलं आणि एकट्याच छत्री घेऊन उभ्या राहिल्या. बस अलगद थांबली.

“बोंझूर मिस, या,” हरिलाल अदबीनं म्हणाला.

मिसनी एक पाय पायरीवर ठेवला, दारातला दांडा घट्ट धरला आणि हाक मारली, “मुलींनो, या आता.”

उसातून दवानं भिजलेल्या मुली बाहेर पडल्या. हरिलालचा चेहरा उतरला. “मिस, हे काय?”

“अर्धी तिकिटं. फाडायला घे.”

पायरीवर मिसचा पाय असल्यामुळे ड्रायव्हरला गाडी हलवता येईना. मुली त्यांच्या बगलेखालून एकेक करून आत गेल्या. शेवटची मुलगी चढल्यावर मिसनी दुसरा पाय उचलला, तर हरिलालनं दारात हात आडवा धरला.

“फुल झाली, मिस. जागा नाय.”

“मी पूर्ण तिकीट काढते.”

“तेच तर. पूर्ण माणसाला जागा नाय. अर्धं असतं तर बघितलं असतं.”

“मिस, मी उतरते,” आतून इंद्राणी म्हणाली.

“उतरलीस तर गैरहजेरी लावीन,” मिस संतापून म्हणाल्या आणि त्यांनी पायरीवरचा पाय काढला.

बस गेली.

“पुढची कधी आहे?” मळ्याकडे निघालेल्या जमुनाला त्यांनी विचारलं.

“पुढची?” जमुना म्हणाली. “चला, मळ्यापर्यंत सोबत येते. तिथनं सरळ रस्ता हाय.”

त्या दिवशी वर्गात एकही मुलगी उशिरा आली नाही. पहिला तास विद्यावती मिसचा होता. तो झाला नाही.