चोवीस तासांची खोली

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा कोहक्याच्या भागीरथाबाईंना डोळ्याच्या काळजीपेक्षा खोलीची ओढ जास्त लागली. मुलाने काढून दिलेल्या विम्याच्या पुस्तिकेत स्वतंत्र खोली, जेवण, नर्स असं सगळं होतं. "पन चोवीस तास भरती राहा लागते," शेजारच्या टिकारामने बजावलं. बाईंना ही अट वाटलीच नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि आयता चहा कधी हातात आला नव्हता. दोन्ही बाळंतपणांत सासूबाईंनी पाचव्या दिवशीच परात पुढे सरकवली होती.

बाईंनी नवा गाऊन घेतला. नवऱ्यासाठी, देवाजींसाठी, दोन दिवसांच्या पोळ्या लाटून ठेवल्या. गल्लीतल्या शैलाबाईंना सांगितलं, "भेटायले या. खोलीत सोफा आहे म्हणते." शैलाबाईंनी ते गल्लीभर केलं.

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. विम्याच्या टेबलावरच्या रीनाने कागद पुढे केला. "सही करा आंटी. चार बजे घरी."

"अन् चोवीस तास?"

"मोतीबिंदू डे-केअरमध्ये येते. त्याले चोवीस तासाची अट नाही. बिल मंजूर झालं."

देवाजी खूश झाले. बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"विम्यात खोलीचे पैसे त भरले ना पोरानं?"

"हो, पण भरती केलं तरच खोली भेटते."

"मंग कोणत्या बिमारीले ठेवते?"

"हर्निया, पथरी, डेंगू," रीना बोलून गेली.

"पथरीचं पाहून घ्या न मंग. कधीमधी दुखते मले."

"काय बोलून राहिली तू?" देवाजी चपापले.

"डॉक्टरनं लिहिलं तरच होते, आंटी. उगाच राहिलं त कंपनी एक रुपया देत नाही."

"पाहू त द्या खोली."

रीनाने एक रिकामी खोली उघडली. खिडकीजवळ पलंग होता, पांढरी चादर ताणून घातलेली. बाई काठावर बसल्या, चादरीवरून हात फिरवला आणि कोणी उठवायच्या आत स्वतःच उठल्या.

बाहेर फळं घेऊन शैलाबाई आणि गल्लीतल्या चौघी खोली शोधत होत्या. सगळ्यांना घेऊन दोन ऑटो कोहक्याला परतल्या. पाहुण्या बसल्या, तशा बाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

"थांबा," शैलाबाईंनी डॉक्टरचा कागद वाचला. "दहा दिवस गॅसजवळ जायचं नाही. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही."

पाचही जणींनी देवाजींकडे पाहिलं. देवाजी उठले. आतून डबे उघडल्याचे, मग पुन्हा तेच डबे उघडल्याचे आवाज आले. शेवटी कप आला. चहा फिका होता, साय तरंगत होती.

भागीरथाबाई उशीला टेकून, घोट घोट करत, तळापर्यंत प्यायल्या.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं कधी करते, विचारून घ्या बरं."