घर नसल्याचा दाखला

आत्माराम तामोरेला समुद्र लागायचा; होडी हलली की उलट्या. सातपाटीतल्या तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, पोटी जन्मलेल्या मुलाला समुद्र लागावा, ही त्या गावात सांगायची गोष्ट नव्हती. बापाने तीनदा होडीवर नेला आणि तिन्ही वेळा जाळ्यासारखा गुंडाळून परत आणला. चौथ्यांदा बाप म्हणाला, "याला शाळंत घाला, दुसऱ्या कशाच्या कामाचा नाय हा." अशा रीतीने आत्माराम शिकला आणि बोईसरच्या एका भातगिरणीत कारकून झाला. समुद्राने टाकलं, पण कागदाने जवळ केलं. तेव्हापासून त्याचा कागदावर फार विश्वास. छापील मजकूर असेल तर तो औषधाच्या बाटलीवरचासुद्धा उभा राहून वाचायचा.

चौसष्ट सालची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं आणि बोईसरात माणसांची रीघ लागली. कुणी पंजाबचा, कुणी मद्रासचा, कुणी थेट अमेरिकेचा. काल ज्या खोलीत म्हैस होती त्या खोलीत आज फोरमन राहू लागला, आणि भाडं म्हशीच्या मानाने पुष्कळ जास्त देऊ लागला. आत्मारामचे घरमालक महादूशेठ एके दिवशी चहाच्या वेळेला आले, खोलीच्या भिंती हाताने चाचपून पाहिल्या आणि म्हणाले की घाई नाही, पण वर्षभरात दुसरीकडे बघितलंत तर बरं होईल. (घाई नाही असं म्हणणाऱ्या घरमालकाची घाई ही सगळ्यांत मोठी घाई असते.)

आत्मारामने स्टेशनच्या पलीकडे दोन गुंठे जागा आधीच घेऊन ठेवली होती. त्याची बायको चंद्रकांता म्हणाली, "कुडाच्या भिंती घालू, वर छप्पर टाकू, दिवाळीला राह्यला जाऊ. हाय काय त्यात." ती बाजारात सुकी मासळी विकायची. केंद्राच्या कॅम्पातले मजूर आल्यापासून तिचा धंदा असा चालला होता की तिला नवऱ्याच्या पगाराची तारीखही आठवेनाशी झाली होती.

पण आत्मारामने त्याच सुमारास वर्तमानपत्रात वाचलं होतं, की कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार घरासाठी कर्ज देतं. तो बायकोला म्हणाला की आपण घर बांधायचं ते पक्क्या विटांचं, मंजूर नकाशाचं, सरकारी कर्जातून, आणि वर माझं नाव लागेल. बापाच्या डोळ्यांदेखत एकदा तरी आपल्या नावाचं काहीतरी उभं राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं. चंद्रकांतेने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली उचलून बाजाराला गेली.

अर्ज पालघरच्या कचेरीत द्यायचा होता. तिथले कारकून एकनाथराव मोठे गोड माणूस. त्यांनी आत्मारामला बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला, अक्षराची तारीफ केली आणि सोबत जोडायच्या कागदांची यादी हातात ठेवली. यादी दोन पानी होती. सातबारा, नकाशाच्या तीन प्रती, पगाराचा दाखला, स्वतःचं घर असलेले दोन जामीन, आणि सगळ्यांत शेवटी अर्जदाराच्या मालकीचं कुठेही घर नसल्याचा दाखला.

बाकीचे कागद सहा महिन्यांत जमले. जामीन म्हणून महादूशेठ स्वतः आनंदाने सही करून गेले. घर नसल्याच्या दाखल्याने मात्र घाम काढला. तलाठी म्हणाला, "घर असतं तर रजिस्टर बघून दाखला दिला असता. नसलेल्या घराची नोंद मी कुठं ठेवणार?" आत्माराम पालघरला गेला. एकनाथराव म्हणाले, तलाठ्याचं बरोबर आहे, पण दाखला पाहिजे. आत्माराम परत तलाठ्याकडे आला. तलाठी म्हणाला, एकनाथरावांचं बरोबर आहे, पण दाखला देता येत नाही. दोघेही बरोबर असल्यामुळे आणखी तीन महिने गेले. शेवटी तलाठ्याने दोन पंच घेतले, भर उन्हात त्या मोकळ्या दोन गुंठ्यांवर नेऊन उभे केले आणि चारी बाजूंना नीट बघायला लावून पंचनामा केला. एका पंचाला चष्मा नव्हता, त्याने सही करण्याआधी कोपऱ्यातल्या निवडुंगाजवळ जाऊन खात्री करून घेतली.

फाइल ठाण्याला गेली आणि परत आली. एका कागदावर 'आत्माराम जानू तामोरे' अशी सही होती, दुसऱ्यावर 'आ. जा. तामोरे', तेव्हा ही दोन माणसं एकच असल्याबद्दल प्रतिज्ञापत्र करा, असा शेरा होता. ते केलं. फाइल पुन्हा गेली. मग पासष्टची लढाई सुरू झाली, सरकारने खर्च आवरता घेतला. लढाई संपून सरकारचा हात मोकळा होईपर्यंत मार्च महिना आला होता, आणि मार्चमध्ये त्या वर्षाची रक्कम संपलेली असते असं एकनाथरावांनी समजावून सांगितलं. एप्रिलमध्ये ती यायची असते, पण आलेली नसते. फाइल कुठे आहे असं विचारलं की ते म्हणत, "ठाण्याला. अगदी वरच आहे." आत्मारामच्या चपलांचे दोन जोड झिजले आणि तिसऱ्या जोडाला त्याने पालघरला जाणं सोडलं.

इकडे महादूशेठचं वर्ष केव्हाच संपलं होतं. एका सकाळी चंद्रकांतेने नवऱ्याला न विचारता त्या दोन गुंठ्यांवर चार वासे रोवले. बोंबील पावसात भिजतात, ते ठेवायला जागा नको का, असं तिचं म्हणणं. मग वाशांना भिंती आल्या. कुडाच्या नव्हे, लाकडाच्या. केंद्राची यंत्रं ज्या मोठाल्या पेट्यांतून आली त्यांच्या फळ्या एक कंत्राटदार भंगारात काढत होता, त्या तिने दोन गाड्या भरून आणल्या. फळ्यांवर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. 'ही बाजू वर' असं लिहिलेली एक फळी सुताराने नेमकी उलटी ठोकली. आत्मारामला ते रोज खुपायचं, कारण त्या चार भिंतींत इंग्रजी वाचता येणारा तो एकटाच होता.

पावसाळ्याआधी कौलं चढली. महादूशेठने खोलीला कुलूप घातलं त्या दिवशी सगळं सामान तिथे आलं. तिकडे फाइलीत घर नसल्याचा दाखला, आणि इकडे हे. आत्मारामने बायकोला कायदा समजावून सांगितला.

"ह्ये घर नाय," चंद्रकांता म्हणाली. "बोंबलांची खोली हाय. आपण बोंबलांकडं राह्यला आलोय."

बोंबलांच्या खोलीला हळूहळू चूल आली, ओटा आला, मागे न्हाणी आली, दारात तुळस आली. आत्माराम रोज तिथून गिरणीत जायचा, तिथेच परत येऊन जेवायचा, आणि कुणी पत्ता विचारला तर घसा खाकरायचा.

सदुसष्टच्या मार्चात तलाठ्याचा निरोप आला. ठाण्याहून दळवीसाहेब मंगळवारी जागेची पाहणी करायला येणार होते. आत्मारामने बोटांवर वर्षं मोजली. तीन वर्षांची फाइल शेवटी हलली होती, आणि ज्या जागेवर घर नाही असा सरकारी पुरावा होता तिथे तुळशीसकट घर उभं होतं. पाडावं म्हटलं तर चंद्रकांतेने आधी त्याला पाडला असता. दोन दिवस त्याने विचार केला आणि रविवारी सासूला, रखमाबाईला, सातपाटीला निरोप धाडला, की असेल नसेल तेवढी सुकी मासळी बैलगाडीत घालून पाठवा.

सोमवारी गाडी आली. खाट आणि ट्रंका शेजारच्या वाडीत गेल्या. चुलीवर बोंबलांच्या जुड्या रचल्या, न्हाणीत सुक्या कोलंबीचे सोडे भरले, वाशांना पट्ट्यांसारख्या लांब सुक्या वाकट्या टांगल्या. तुळशीसमोर मात्र त्याचा हात धजेना. तो नमस्कार करून तिला उचलून मागे ठेवून आला. चंद्रकांता ओट्यावर बसून बघत होती. खोटं बोलून घर मिळत नाही, एवढंच ती एकदा म्हणाली. आत्मारामने तिला बजावलं, की साहेबांसमोर तू फक्त चहा द्यायचास.

दळवीसाहेब दमून आले. रुमालाने घाम पुसत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "घर कुठं आहे?"

"घर नाही साहेब," आत्माराम म्हणाला. "हे सुक्या मासळीचं गोदाम आहे. मंडळींचा धंदा आहे."

साहेबांनी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "पाया तरी घातलाय का कुठं?"

"मुळीच नाही. शपथेवर सांगतो."

"बघा बरं, नीट आठवून सांगा."

साहेबांच्या आवाजात काकुळती होती, पण आत्मारामला ती परीक्षा वाटली. त्याने ठामपणे मान हलवली. साहेबांनी सुस्कारा टाकून जबाब लिहिला, आणि आत्मारामने खाली वळणदार अक्षरात पूर्ण नावाने सही ठोकली. एवढं खोटं तो आयुष्यात प्रथमच बोलला होता आणि ते जमलं, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

"वाईट झालं," कागद पिशवीत घालत साहेब म्हणाले. "कर्ज तर तुमचं गेल्या पावसाळ्यातच मंजूर झालंय. सरकारी वर्ष संपायच्या आत छपरापर्यंत बांधायचं, आम्ही पाहून जायचं, की सगळी रक्कम एकदम हातात. मुदत या महिन्याअखेर संपते. नुसती कौलं चढलेलं कसलंही घर दिसलं असतं तरी आज सही केली असती मी."

मंजुरीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. सरकारी लखोटा पाहून महादूशेठना वाटलं, जामीन म्हणून आपल्यालाच पैसे भरायला बोलावलंय. त्यांनी तो न फोडता कपाटात घालून कुलूप लावलं होतं. हे नंतर कळलं. त्या घटकेला आत्मारामला फक्त एवढंच कळलं, की आपल्या पायाखालची जमीन होडीसारखी हलते आहे. त्याने खांब धरला.

"साहेब," तो म्हणाला, "हे घरच आहे."

"तुम्ही आत्ताच शपथेवर गोदाम म्हणालात."

चंद्रकांतेने चहाचा कप ओट्यावर ठेवला. "घरच हाय, साहेब. चला, बोंबील बाजूला करून चूल दावते. यांनी सही केली आसल, मी नाय केली."

साहेब उठले, आत गेले, चूल पाहिली. बाहेर येऊन त्यांनी लिहिलेला जबाब पुन्हा एकदा वाचला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मला दिसतंय सगळं. पण हे घर म्हणून लिहिलं, तर यांनी खोटा जबाब दिला असंही लिहावं लागेल, आणि मग प्रकरण कोर्टात. त्यापेक्षा गोदाम बरं." त्यांनी चहा घेतला, निघताना चंद्रकांतेकडून रोख पैसे देऊन बोंबलांच्या चार जुड्या बांधून घेतल्या आणि गेले.

आत्माराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रकांतेने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि सांगितलं, की छप्पर गळत नाय, भाडं कोण मागत नाय, आता कर्ज फेडायचंही उरलं नाय. मग रडता कशाला. असा साधा हिशेब त्याने कुठे छापलेला वाचला नव्हता. तो जेवला.

दळवीसाहेबांच्या अहवालाची एक प्रत मात्र रीतीप्रमाणे ग्रामपंचायतीकडे गेली. पावसाळ्यानंतर पंचायतीचा माणूस नोंद करायला आला, तेव्हा आत्माराम गिरणीत होता. संध्याकाळी तो घरी आल्यावर चंद्रकांतेने नोंदीची पावती त्याच्या हातात दिली. सरकारी छापील कागद तो, त्याने सवयीप्रमाणे उभ्याने वाचला. इमारतीचा प्रकार: सुक्या मासळीचं गोदाम. मालक: श्रीमती चंद्रकांता तामोरे. त्याने पावती उलटी केली, मागे पाहिलं, पुन्हा सुलटी केली.

"माझं नाव कुठाय?"

"हाय की, खाली." तिने बोट ठेवलं. "गोदामात माणूस कसा राहतो, म्हणून तो इचारीत होता. काय तरी सांगायला नको?"

खालच्या ओळीत लिहिलं होतं: राखणदार एक, आत्माराम जानू तामोरे.

आत्माराम ओट्यावर बसला. पावतीची घडी घालून त्याने विचारलं, "पगार काय सांगितलास?"

"पगार नाय सांगितला," चंद्रकांता भात वाढत म्हणाली. "जेवून-खाऊन हाय, म्हटलं."