कॅसेटवरची बाई

डॉक्टरांनी प्रेमसिंग कारभाऱ्यांना तंबाखू सोडायला सांगितली असती तर त्यांनी ती निमूटपणे सोडली असती. पण मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "महिना-दीड महिना वाचायचं नाही," आणि सगळ्या घराच्या डोक्याला ताप झाला.

कारभाऱ्यांना रहस्यकथेचं वेड होतं. डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या तांड्यात कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची सोयरीक कशी मोडली, असले तंटे त्यांच्यापुढे यायचे आणि त्यांनी दिलेला निकाल कुणी मोडत नसे. हे सगळं तपासकौशल्य आपल्याला दिवाकर रणखांबे या रहस्यकथाकारामुळे आलं, असं ते खाजगीत कबूल करत. कळमनुरीच्या मोहियोद्दीनच्या दुकानात कादंबऱ्या वाचायला मिळत. रणखांब्यांची नवी कादंबरी आली की पहिला हात कारभाऱ्यांचा.

आता डोळ्यांवर काळा चष्मा चढला आणि कारभारी दिवसभर ओट्यावर बसून घरच्यांनाच तपासू लागले. चहात साखर कुणी कमी टाकली? कवाड उघडं कुणी ठेवलं? मुलानं, संतोषनं, एकदा पुस्तक वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पण संतोष मुळातच अबोल. तो पाच मिनिटांत चार शब्द वाचायचा, त्यामुळे खून होऊन गेला तरी कुणाला पत्ता लागला नाही.

घरात उत्तम वाचणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सून संगिता. हिंगोलीत शिकलेली, शाळेच्या नाटकात इन्स्पेक्टरपासून आजीपर्यंत सगळी कामं केलेली. पण तांड्याच्या रीतीप्रमाणे सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी कारभाऱ्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना चहा देतानाही ती कपबशी किणकिणवायची, मग त्यांना कळायचं की चहा आला.

आणि नेमकं हेच संगिताच्या मुळावर आलं होतं. तिला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. हिंगोलीच्या कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं होतं. पण कारभाऱ्यांनी एका वाक्यात विषय संपवला होता. "मास्तरीण व्हायला तोंड लागतं. आमच्या सुनेला तोंडच न्हाई."

शेवटी वाट काढली ती सासूबाईंनी. बेबीबाई म्हणाल्या, "संगे, तू त्या टेपात वाचून ठिव. आवाज टेपाचा, तुजा न्हाई. रीत बी मोडत न्हाई."

मोहियोद्दीनकडून कोऱ्या कॅसेटी आल्या. कारभाऱ्यांना सांगण्यात आलं की आता मोठमोठ्या लेखकांची पुस्तकं कॅसेटवर निघतात आणि रेडिओवरची एक बाई ती वाचते. दुपारी जेवून कारभारी झोपले आणि घर सामसूम झालं, की संगिता आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला बसून दोन बटणं एकदम दाबायची आणि वाचायची. संध्याकाळी बेबीबाई टेप ओट्यावर आणून ठेवायच्या.

पहिल्याच दिवशी कारभारी खुळावले. "काय आवाज हाय बाईचा! इन्स्पेक्टर बोलला की मानूस उठून उभं राहतंय."

शेजारच्या शेतातला जळबा ऐकायला येऊ लागला, मग आणखी चौघे आले. रणखांबे संपले तेव्हा मोहियोद्दीननं केशव काळभोरांच्या भुताच्या कादंबऱ्या पाठवल्या. त्या आठवड्यात दिवस मावळल्यावर केळीला पाणी द्यायला कुणी जाईना. मग मालिनी सरंजामे यांच्या कौटुंबिक कादंबऱ्या आल्या आणि जळबासारखा आडदांड गडी उपरण्यानं डोळे पुसू लागला. सरंजामेबाईंच्या पुस्तकात एकच अडचण होती. नायक-नायिका बागेत भेटली, की सासऱ्यासाठी ते वाचायचं कसं? मग संगिता गंभीर आवाजात म्हणायची, "येथे दोन पाने फाटलेली आहेत."

"ह्या मोहियोद्दीनची पुस्तकं लई फाटकी," कारभारी वैतागायचे. "आन् फाटतेत बी नेमकी बागेतच."

पण रोज भाग संपला की ते मान हलवून म्हणायचे, "पुढं?" आणि मग हमखास, "अशी एक मास्तरीण आपल्या शाळेला भेटली असती, तर लेकरांचं सोनं झालं असतं."

दाराआड उभ्या संगिताला हसावं की रडावं ते कळत नसे. बहुतेक वेळा तिला रडूच येई.

अशातच रणखांब्यांची ताजी कादंबरी आली आणि तिच्या शेवटच्या प्रकरणाशी घोळ झाला. दुपारी संगिता वाचत होती. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं होतं. "‘खबरदार! कोणी जागचं हलू नका,’" संगितानं आवाज चढवला, "‘खुनी याच खोलीत आहे!’" आणि त्याच वेळी दार ढकलून संतोष आत आला. प्रवेश घ्यायची मुदत परवा संपत होती. बापाशी बोलतो, असं वचन देऊन तो सकाळी शेतात गेला होता. त्याचा चेहरा बघूनच संगिताला कळलं की तो बोललेला नाही. तिचा तोल गेला. रागावली की तिच्या तोंडून घरची गोरमाटी बोली न निघता शाळेतली मराठी निघायची. ती तशी निघाली, आणि टेपाची दोन बटणं दाबलेलीच राहिली. भांडून ती बाहेर निघून गेली. संध्याकाळी बेबीबाईंनी नेहमीप्रमाणे टेप ओट्यावर नेऊन ठेवला.

ओटा भरला होता. "खुनी याच खोलीत आहे!" ऐकून जळबानं स्वतःच्या आजूबाजूला पाहून घेतलं. मग दार करकरलं आणि कॅसेटवरची बाई म्हणाली, "आलात? आधी दार लावा."

चुलीपुढे बसलेल्या संगिताच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली.

"परवा शेवटची तारीख आहे. वडिलांना विचारलंत का?"

"हं."

"हं म्हणजे विचारलं की नाही विचारलं?"

"हं."

"ह्यो इन्स्पेक्टर काहून हं हं करून राहिला?" जळबानं विचारलं.

"गप रे. उलटतपासणी चालू हाय," कारभारी म्हणाले.

ओट्याच्या कडेला बसलेल्या संतोषला दरदरून घाम फुटला. उठून टेप बंद करावा, तर बाप विचारणार काहून. उत्तर द्यायचं म्हणजे बोलायचं आलं. तो बसून राहिला.

"लग्नाच्या वेळी म्हणाले, शिकवू. आता म्हणतात, मास्तरीण व्हायला तोंड लागतं, आमच्या सुनेला तोंडच नाही! अहो, त्यांच्यासमोर बोललं तर बेशरम, नाही बोललं तर मुकी. मी करू तरी काय?"

संगितानं डोळे मिटले. आता आभाळ फाटणार!

"कसला म्हातारा हाय हो ह्यो!" कारभारी मांडीवर थाप मारून ओरडले. "लेकराला बोलू द्यायचं न्हाई, आन् वरून म्हनायचं तोंड न्हाई! असले सासरे लई हायेत बरं का आपल्या मुलखात."

टेपवर स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस म्हणतं, हा माझा नव्हेच. मग स्वतःचा स्वभाव तरी कसा ओळखू यावा? कारभारी तर आता पुरते रंगले होते.

"आन् ह्यो नवरा! हं म्हनं! बैलसुद्दा ह्याच्यापक्षी जास्त बोलतंय. न्हाई का रं संतोष?"

संतोषनं नुसती मान हलवली. त्या दिवशी तेवढं त्याच्या देवानं सुचवलं.

पुढे काही वाजणार, तोच लाईट गेली. लोडशेडिंगला आयुष्यात पहिल्यांदाच संगितानं मनातून हात जोडले. पण अंधारात ओट्यावरची चर्चा थांबेना.

"कारभारी, हे आपल्या पंचायतीत आलं असतं, तर काय निकाल दिला असता?" जळबानं विचारलं.

कारभाऱ्यांनी घसा खाकरला. ते निकालाचंच खाकरणं होतं. "म्हाताऱ्यानं सोता सुनेला कॉलेजात न्यावं. एस्टीत तिची पिशवी आपल्या मांडीवर घिऊन बसावं. सगळ्या मुलखानं बघावं, हाच त्याला दंड. झाला निकाल."

"झाला!" सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संगिता सासूच्या, आपल्या याडीच्या, मागे लागली. "याडी, ती कॅसेट मला द्या. मी पुसून टाकते. त्यांना कळलं तर मला माहेरी धाडतील."

बेबीबाई तांदूळ निवडत होत्या. "वाजू दे," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..."

"मी बी ह्या दाराआड लई वर्सं काढली, संगे. माजा सासरा मेला तवा त्याला माजा आवाज म्हाईत नव्हता. वाजू दे."

तिकडे कारभाऱ्यांनी मोहियोद्दीनला निरोप धाडला होता. ही दुसरीच गोष्ट रणखांब्यांच्या पुस्तकात कशी घुसली आणि तिचा लेखक कोण, याचा छडा त्यांना लावायचा होता. मोहियोद्दीन संध्याकाळी हजर झाला. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायकासुद्धा लेकरं काखेत मारून येऊन बसल्या होत्या.

"कोनाची हाय रं ही कादंबरी?" कारभाऱ्यांनी विचारलं.

मोहियोद्दीननं संतोषकडे पाहिलं. संतोषनं आभाळाकडे पाहिलं. "नई लेखिका है, कारभारी," मोहियोद्दीन सांभाळून म्हणाला. "अभी लिखून राहिली. शेवट बाकी हाय."

"मंग तिला कळव, आमी निकाल दिलेला हाय. तसाच लिव्ह म्हनावं."

टेप सुरू झाला. कालचं सगळं पुन्हा वाजलं आणि लाईट गेली होती तिथून पुढे सरकलं. "त्यांना खून चालतो, भूत चालतं," कॅसेटवरची बाई कडाडली, "फक्त सून बोललेली चालत नाही!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कारभाऱ्यांनीही वाजवल्या. आणि टाळ्या थांबता थांबता टेपातून दुसरीच एक बाई लांबून ओरडली, "संगे! अगं धाव! शेळीनं मामंजींचं धोतर खाल्लं! आन् त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची येळ झाली!"

खट्ट. कॅसेट संपली.

कारभाऱ्यांचा हात हळूहळू धोतराच्या सोग्याकडे गेला. काल दुपारपासून तो सोगा अर्धा होता. त्यांनी तो काळ्या चष्म्यापुढे धरला, बोटांनी चाचपला.

"संतोष?" ते म्हणाले.

"हं."

तो हं सगळ्या ओट्यानं ओळखला. मोहियोद्दीननं तोंडात रुमाल कोंबला.

मग कारभारी दाराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "म्हंजी... ती रेडिओवाली बाई घरातच होती?"

"दाराआड," बेबीबाई म्हणाल्या.

"मंग मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी कवा इचारलं?"

दाराआड संगितानं फटीला डोळा लावला. तिला सासऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. नेहमी ताठ असणारी ती पाठ आज थोडी वाकली होती, आणि भीती वाटत असूनही संगिताला त्या म्हाताऱ्याची दया आली.

जळबा साळसूदपणे म्हणाला, "कारभारी, घरचाच मामला निघाला. निकाल बदलायचा का?"

कारभाऱ्यांची पाठ ताठ झाली. "कारभाऱ्याचा निकाल बदलत न्हाई," ते गरजले. मग हळू आवाजात म्हणाले, "संतोष, उद्याची पयली एस्टी किती वाजता हाय?"

"सा...सात वाजता, बा. हिंगोलीची. कळमनुरीवरून जाती. जागा भेटती," संतोष म्हणाला. लग्नातही तो एवढं बोलला नव्हता.

सकाळी निम्मा तांडा फाट्यावर आला होता. काळा चष्मा, नवं धोतर आणि मांडीवर सुनेची फुलाफुलांची पिशवी घेऊन कारभारी एस्टीत बसले. शेजारी पदर हनुवटीपर्यंत ओढून संगिता बसली. ओळखीची माणसं चढत होती, पिशवीकडे बघत होती. कारभारी प्रत्येकाला स्वतःहून सांगत होते, "सून हाय. मास्तरीण व्हनार हाय."

कळमनुरी गेली. कारभारी दोनदा खाकरले. मग खिडकीकडे बघत, जणू काचेलाच विचारावं तसं म्हणाले, "त्या कॅसेटवाल्या बाईला म्हनावं, भांडणापायी शेवटलं प्रकरण राहून गेलं. दोन रात्री झोप न्हाई मला. खुनी कोन?"

संगितानं मान खाली घातली. दोन वर्षांच्या सवयीनं तिची बोटं किणकिणवायला कपबशी शोधू लागली. कारभारी वाट बघत राहिले. त्यांनी पिशवी मांडीवर नीट सारखी केली आणि यावेळी खिडकी सोडून तिच्याकडे तोंड वळवलं.

"बोल, बाई," ते म्हणाले.

संगितानं पदर थोडा मागे सारला, श्वास घेतला आणि इन्स्पेक्टरच्या आवाजात कडाडली, "खबरदार! कोणी जागचं हलू नका! खुनी याच खोलीत आहे!"

तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरचा हात जागीच थांबला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मागच्या बाकावरच्या एका बाईनं कोंबडी पोटाशी घट्ट धरली. सगळी एस्टी वळून बघत होती.

कारभाऱ्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. ते सुनेकडे सरकून बसले आणि म्हणाले, "पुढं?"