विज्ञान सोडल्याचा दाखला

गंगेकाठी मुन्शी घाटाजवळ राहणाऱ्या मैत्रेयी ढुंढिराज मोघे हिने रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी मिळवली. हा अपराध तिने पूर्ण शुद्धीवर असताना आणि आईवडिलांच्या संमतीने केला होता. त्यामुळे पुढे जे घडले त्याचा दोष यंत्रणेला देता येत नाही.

पदवीनंतर पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली आणि तिथेच तिला कायदा शिकावासा वाटू लागला. कारण साधे होते. तिची बकुळमावशी गंगेपलीकडे रामनगरला राहते. मावशीच्या गल्लीशेजारी साड्या रंगवण्याचा कारखाना निघाला आणि गल्लीच्या हापशाला जांभळे पाणी येऊ लागले. पोरे आजारी पडू लागली. गल्लीने कारखान्यावर दावा लावला. मैत्रेयीने पाणी तपासून सहीनिशी अहवाल दिला. तो हातात घेऊन गल्लीचे वकील उभे राहिले आणि पीएच म्हणजे पंप हाउस, असे त्यांनी कोर्टाला समजावून सांगितले. कोर्टाने पंप हाउसच्या पाहणीसाठी पुढची तारीख दिली.

त्या दिवशी मैत्रेयीने ठरवले, की आपणच वकील व्हायचे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत दावा चालूच असेल, एवढा तिचा न्यायव्यवस्थेवर विश्वास होता.

शहराबाहेरच्या एका विधी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात कोणत्याही शाखेच्या पदवीधरांचे स्वागत केलेले होते. ते स्वागत करण्याचे काम दिनानाथबाबू या कारकुनाकडे होते.

"साइंस?" दिनानाथबाबूंनी गुणपत्रिका लांब धरून विचारले.

"जी. केमिस्ट्री."

"और लॉ का बैकग्राउंड?"

"वही तो पढ़ने आई हूँ."

"देखिए बिटिया, पढ़ने तो सब आते हैं. बैकग्राउंड पहले चाहिए."

मग त्यांनी पान तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून इतिहास सांगितला. मागे एकदा भौतिकशास्त्राचा एक मुलगा चुकून भरती झाला होता. पहिल्याच तासाला त्याने उभे राहून 'याला पुरावा काय?' असे विचारले. सर रजेवर गेले ते अजून आलेले नाहीत. तेव्हापासून नियामक मंडळाने ठराव केला आहे, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विज्ञान सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि सोबत जुन्या महाविद्यालयाकडून विज्ञान सोडल्याचा दाखला आणावा.

मैत्रेयी जुन्या महाविद्यालयात गेली. तिथल्या मोठ्या बाबूंनी सहानुभूतीने ऐकून घेतले. जो पास झाला त्याचे विज्ञान पूर्ण झाले. जे पूर्ण झाले ते सोडणार कसे? सोडल्याचा दाखला फक्त नापासांना मिळतो.

"फेल होतीं तो आज ही दे देते," ते हळहळून म्हणाले. "अब भी एक पर्चा दोबारा देकर फेल हो सकती हैं. फ़ॉर्म खिड़की पर मिल जाएगा."

संध्याकाळी घरी तिने हे सगळे सांगितले तेव्हा ढुंढिराजपंत हसले. ते शिंदे घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची धर्मकृत्ये चालवतात. त्यांच्या धंद्यात आजवर कशावाचून काही अडलेले नाही.

"अगं, एवढ्यासाठी चक्कर मारत बसलीस? परवा अकोल्याचे यजमान आले. गोदान करायचंय म्हणाले. गाय कुठाय? नाही. मग सुपारी ठेवली. वस्त्र? विसरले. वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि. दागिने? अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि. देवाची कधी शिकायत आलीय का?"

"बाबा, पण मला विज्ञान सोडायचंच नाहीये."

"मग तू कशाला सोडतेस? सुपारी सोडेल."

दुसऱ्या दिवशी पंत स्वतः महाविद्यालय बघून आले आणि भारावून गेले. हे तर आपल्याच संप्रदायाचे लोक होते! ग्रंथालयाच्या जागी एक कपाट होते आणि त्याची किल्ली निवडणुकीच्या कामावर गेलेली होती. प्राध्यापकांच्या जागी त्यांचे फोटो होते, खाली पदव्यांसकट. अभिरूप न्यायालयासाठी एक लाकडी हातोडा आणलेला होता. न्यायाधीश, पक्षकार, साक्षीदाराचा कठडा ही बाकीची सामग्री हातोड्यातच कल्पायची होती. प्रवेश समिती पाच जणांची. त्यांपैकी अॅडव्होकेट बिंदुमाधव त्रिपाठी खुर्चीत होते आणि उरलेल्या खुर्च्या स्वतःच उपस्थित होत्या.

त्रिपाठीजींना पंतांची योजना फारच आवडली. दाखला मिळत नसेल तर त्यागाचा विधी करावा, समितीच्या वतीने आपण साक्षीला बसू आणि प्रतिज्ञापत्र आपणच लिहून देऊ, असे ते म्हणाले. नोटरी त्यांचे मेहुणेच होते.

त्याप्रमाणे शिंदे घाटावर विधी झाला. पंतांनी संकल्प सोडला. पाटावर तांदळाची रास केली आणि तिच्यावर सुपारी मांडून तिच्यात विज्ञानाचे आवाहन केले. शेजारी मैत्रेयीचा प्रयोगशाळेतला एप्रन घडी करून ठेवला. समोरून एक यजमान जोडपे चालले होते. कुठला देव, हे न विचारताच त्यांनी नमस्कार केला आणि दक्षिणा ठेवली. पंतांनी सुपारी गंगेत सोडली. मोहन नाववाल्याने फोटो काढला. एप्रन मैत्रेयीने गुपचूप पिशवीत घातला, कारण दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचे होते.

मग त्रिपाठीजींनी कागद पुढे केला. 'मी रसायनशास्त्राचा स्वेच्छेने व कायमचा त्याग केला असून त्या विषयात माझे कोणतेही मत उरलेले नाही,' असा त्याचा मराठी आशय होता. मैत्रेयीचा हात थांबला.

"लेकिन सर, यह सच नहीं है."

"बेटी," त्रिपाठीजी मायेने म्हणाले, "सच-झूठ गवाह का काम है. यह तो ख़ाली एफिडेविट है."

मैत्रेयीने बाबांकडे पाहिले. तिला मनापासून वाटत होते, की बाबांनी नको म्हणावे. खोट्या शपथेची तिला भीती वाटत होती आणि लाजही.

"कर गं सही," पंत म्हणाले. "अक्षताच आहेत त्या."

तिने सही केली. प्रवेश मिळाला. गुणवत्ता यादीत तिचे नाव पहिले होते, कारण यादीसाठी तेवढेच उपलब्ध होते.

यानंतर न्यायव्यवस्थेने तिचा विश्वासघात केला. पहिले सत्रही संपले नव्हते आणि रामनगरच्या दाव्याची सुनावणी चक्क ठरलेल्या तारखेला निघाली. वकील म्हणून मैत्रेयीला अजून उभे राहता येत नव्हते. पण अहवालावर सही तिची होती, म्हणून साक्षीला तिलाच बोलावले. बरेच झाले, असे तिला वाटले. आता पीएच म्हणजे काय ते ती स्वतः सांगणार होती. मागच्या बाकावर बकुळमावशी त्या पाण्याची बाटली पदराखाली धरून बसली होती. शेजारी पंत होते.

कारखान्याचे वकील उलटतपासणीला उठले. ते बिंदुमाधव त्रिपाठी होते. त्यांनी आधी विद्यार्थिनीची आपुलकीने चौकशी केली, मग प्रतिज्ञापत्र आणि घाटावरचा फोटो कोर्टापुढे ठेवला.

"हुज़ूर, इस विषय में गवाह का कोई मत नहीं है. गंगाजी के सामने शपथ लेकर त्याग चुकी हैं."

"वह तो बस प्रतीक था!" मैत्रेयी ओरडली. "सुपारी थी, साहब!"

न्यायाधीश सज्जन होते. त्यांनी चष्मा काढून तिला दोन्ही वाटा मोकळ्या करून दिल्या. शपथ खरी असेल, तर अहवाल देणाऱ्या बाईला रसायनशास्त्रात मत नाही. शपथ खोटी असेल, तर तिच्या दुसऱ्या कोणत्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवावा? मैत्रेयीला दोन्ही उत्तरे येत होती आणि दोन्हींनी हापसा तसाच राहत होता.

अहवाल बाद झाला. गल्लीचे वकील त्वेषाने उठले आणि पंप हाउसच्या पाहणीचे काय झाले, असे त्यांनी विचारले. पुढची तारीख मिळाली.

बाहेर व्हरांड्यात त्रिपाठीजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बुरा मत मानना. साक्ष्य का पेपर आज तुम्हारा हो गया. हाज़िरी लगवा दूँगा." त्यांनी शब्द पाळला. साक्षीपुरावा या विषयाचा कॉलेजात झालेला तो एकमेव तास होता.

परतताना बापलेक मावशीकडे थांबली. मावशीने पंतांपुढे विकतची बाटली ठेवली. "भाऊजी, तुम्ही हे घ्या. पाहुण्यांसाठी आणतो आम्ही."

"आणि तुम्ही काय पिता?"

"आम्हाला सवय झाली," मावशी म्हणाली आणि तांब्या घेऊन हापशाकडे गेली.

तांब्यातले पाणी बघून पंतांचा हात सवयीने झोळीतल्या अक्षतांकडे गेला. 'शुद्धोदकार्थे' एवढे त्यांच्या ओठांवर आले आणि तिथेच अडकले. जन्मात पहिल्यांदा त्यांना मंत्राची लाज वाटली. मैत्रेयीने पिशवीतून एप्रन काढला, अंगात चढवला आणि नमुन्याची नवी बाटली हापशाखाली धरली. तिची सही आता चालणार नव्हती; नव्या अहवालावर कुणाची घ्यायची, ते तिला माहीत नव्हते.

ही हकीकत आम्ही बऱ्याच जाणत्या लोकांना सांगितली. सगळे हळहळले. 'काय ही यंत्रणा!' म्हणाले. काहींनी ती पुढे दहा जणांना पाठवली, खाली जोडलेल्या हातांचे चित्र टाकून. त्या नमुन्याच्या अहवालावर सही कोण करतो, असे विचारल्यावर मात्र एकेकाला कामे आठवली. आता आपणही वाचून झाल्यावर तसेच चुकचुकाल. संकोच करू नये. निषेधार्थे अक्षतान् समर्पयामि.